खाडीपलीकडचा मुलूख: रामवाडी ते मुरूड वाटेवरचे पूल

पेणच्या रामवाडीत, मुंबई-गोवा महामार्गालगत, एसटीचे स्थानक आहे. रायगड विभागाचा कारभारही इथूनच चालतो. इथून गाडी वडखळ नाक्यावर पोहोचली की दोन वाटा फुटतात. सरळ गेले की नागोठणे आणि पुढे रोहा. उजवीकडे वळले की धरमतर, पोयनाड, अलिबाग, चौल, रेवदंडा आणि शेवटी मुरूड. या दुसऱ्या वाटेवर दोन मोठ्या खाड्या आडव्या येतात. धरमतरला अंबा नदीची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेची. दोन्हींवर पूल आहेत. गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते.

दोनशे वर्षांपूर्वी याच वाटेवर तीन सरकारांचा अंमल लागत असे आणि त्यांच्या हद्दी या दोन खाड्यांनी आखलेल्या होत्या. त्या हद्दी कागदावरून केव्हाच गेल्या, पण माणसे खऱ्या अर्थाने एकमेकांच्या जवळ आली ती पूल झाल्यावर. हद्द मिटवण्याचे काम करार करतात, अंतर मिटवण्याचे काम पूल करतो. दोन्ही कामे झाली तरच दोन मुलूख जोडले जातात. आज दोन देशांमध्ये नदीवर पूल बांधले जातात तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. तो समजून घ्यायला पेण-रोह्याच्या परिसरासारखी दुसरी जागा नाही.

पाणी हद्द का ठरते

डोंगराची धार आणि नदीचा प्रवाह या दोन गोष्टी कुणी न आखताही दिसतात. म्हणून राज्यकर्त्यांनी हद्दी ठरवताना आधी त्यांचाच आधार घेतला. कोकणात तर नद्या सह्याद्रीतून निघून थेट पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि किनाऱ्याची पट्टी आडवी कापत जातात. खोपोली-खंडाळ्याच्या डोंगरांतून येणारी अंबा नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. कुंडलिका कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्र गाठते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून १९२७ पासून मुळशी धरणाचे पाणी कुंडलिकेत येते, त्यामुळे उन्हाळ्यातही ती कोरडी पडत नाही. दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि त्याहीपलीकडे सावित्रीची, म्हणजे बाणकोटची खाडी.

या खाड्यांत भरतीचे पाणी मैलोन् मैल आत शिरते. दोन्ही काठांना चिखल, तिवरांची दाटी, खारेपाटातले बांध. उताराची जागा सापडत नाही. घोडदळाला किंवा बैलगाडीला हे पाणी ओलांडणे अवघड, म्हणून सैन्य थांबे, जकात बसे आणि तिथेच एका सत्तेचा अंमल संपे.

तीन सरकारे, दोन खाड्या

१८१८ साली पेशवाई संपली आणि पेण इंग्रजांकडे गेले. अंबेपलीकडे अलिबागला आंग्र्यांचे कुलाबा संस्थान होते. वारस नसल्याचे कारण देऊन इंग्रजांनी ते १८४० साली खालसा केले. कुंडलिकेच्या दक्षिणेला मात्र जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा मुलूख होता. लोक त्याला हबसाण म्हणत.

जुन्या गॅझेटियरमध्ये जंजिरा संस्थानाच्या चतुःसीमा स्पष्ट दिल्या आहेत. उत्तरेला कुंडलिका अर्थात रोह्याची खाडी, पूर्वेला रोहा आणि माणगाव तालुके, दक्षिणेला बाणकोटची खाडी, पश्चिमेला समुद्र. सव्वातीनशे चौरस मैलांच्या आसपासचा हा मुलूख होता. नवाबाला ११ तोफांची सलामी होती. संस्थानाचा महसूल वेगळा, न्यायालये वेगळी. इंग्रजांचे वर्चस्व मान्य करूनही रोजच्या कारभारात रेवदंडा आणि साळाव ही दोन वेगळ्या राज्यांतली गावे होती. मध्ये अंतर फक्त खाडीच्या रुंदीचे.

खाडीच्या तोंडाशी तर याहून जुनी हद्द होती. १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी चौलजवळ, आजच्या रेवदंड्याला, पाय रोवले. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावरचा किल्ला त्यांनी १५९४ साली घेतला. १७४० च्या तहाने दोन्ही ठिकाणे मराठ्यांकडे आली. सत्ता गेली तरी बोली राहिली. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. खाडी ओलांडून रोजचे येणे-जाणे कमी असले की एखादी वस्ती आपले वेगळेपण किती काळ टिकवते, याचा हा जिवंत पुरावा आहे.

जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली म्हसळा-श्रीवर्धन भागात संस्थानाविरुद्ध लढा झाला आणि त्याच वर्षी जंजिरा भारतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग बनला. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. कुंडलिकेवरची हद्द संपली. पाणी तिथेच राहिले.

नागोठण्याचा दगडी पूल

पूल बांधायची इच्छा आणि ऐपत इथे पूर्वी नव्हती, असे कुणाला वाटत असेल तर त्याने नागोठण्याला जावे. रोहा तालुक्यातल्या या गावात अंबेवर जुना दगडी पूल आहे. चौलचे काझी अलाउद्दीन यांनी तो १५८० च्या सुमारास तीन लाख रुपये खर्चून बांधल्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. लांबी ४८० फूट, उंची १९ फूट आणि कठड्यांमधली रुंदी जेमतेम पावणेदहा फूट.

ही रुंदी लक्षात घेण्यासारखी आहे. एका वेळी एकच लादलेला तांडा नीट जाईल एवढी ती वाट. पण चौल बंदरात उतरलेला माल घाटाकडे न्यायचा तर पावसाळ्यात अंबा आडवी येई आणि व्यापार अडे. म्हणजे पुलाची गरज आधी व्यापाऱ्याला भासली. पूल कुठे होतो हे ठरवणारी ही गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे. दोन्ही काठांना एकमेकांकडून काहीतरी हवे असावे लागते.

नागोठण्याला हे जमले, कारण तिथे नदी अरुंद आणि तळाला खडक जवळ. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट इथे पाणी रुंद आणि चिखल खोल. तिथे दगडी कमानी उभ्या राहणे शक्य नव्हते. त्यासाठी विसाव्या शतकातले काँक्रीट यावे लागले.

तर, लाँच आणि रोह्याचा वळसा

पूल नव्हते तेव्हा या मुलखाचे दळणवळण पाण्यावर चाले. मुंबईहून बोटी धरमतरला येत आणि तिथून माणसे पेण, अलिबाग, महाडकडे निघत. खाडी ओलांडायला तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी नाव, असे. रेवदंड्याहून साळावला जायचे तर होडी नाहीतर लाँच. भरती-ओहोटी पाहून निघायचे, पावसाळ्यात वारा पडेपर्यंत थांबायचे.

होडी टाळायची तर वळसा होता. रेवदंड्याहून मागे फिरायचे, रोह्यापर्यंत वर जायचे, कुंडलिका अरुंद होते तिथे ती ओलांडायची आणि चणेऱ्याच्या बाजूने पुन्हा समुद्राकडे उतरायचे. समोर दिसणाऱ्या गावासाठी अर्धा तालुका पालथा घालायचा. बाळंतपणाला अडलेली बाई, साप चावलेला शेतकरी, दहावीच्या परीक्षेला निघालेला मुलगा, सगळ्यांना हाच हिशोब करावा लागे. सोयरिकी, बाजार, शाळा या गोष्टी खाडीच्या ज्या बाजूला घर, त्याच बाजूला राहिल्या.

रेवदंडा-साळाव पूल

१९८० च्या दशकात कुंडलिकेवर रेवदंडा ते साळाव पूल झाला आणि हबसाणची उत्तरेकडची वाट कायमची उघडली. मुरूड, नांदगाव, काशीद, कोर्लई ही गावे अलिबागशी थेट जोडली गेली. मासळीची गाडी पहाटे निघून मुंबईच्या बाजारात वेळेवर पोहोचू लागली. साळावला स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला. काशीदचा किनारा आणि मुरूडचा जंजिरा पाहायला शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांनी घरगुती खाणावळींना उभे केले. नवाबाचे शिकारीचे रान होते ते फणसाड आज अभयारण्य आहे आणि तिथेही याच पुलावरून माणसे येतात.

विलीनीकरणाने मुरूडच्या माणसाला जिल्हा मिळाला. पुलाने त्याला जिल्ह्याच्या गावी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत येण्याची सोय दिली. तहसील, न्यायालय, दवाखाना, महाविद्यालय हे हक्क कागदावर असून भागत नाही. तिथवर पोहोचता आले तरच ते हक्क.

खाडीत खांब उभा कसा राहतो

खाडीतल्या पुलाचे खरे काम पाण्याखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी होते. वरून भक्कम दिसणाऱ्या खांबाखाली आधी कित्येक मीटर मऊ चिखल असतो आणि त्याखाली कोकणातला काळा खडक. खांबाचा भार चिखलावर टाकून चालत नाही, तो खडकापर्यंत न्यावा लागतो.

त्यासाठी आधी पोलादी नळकांडे, म्हणजे लाइनर, चिखलात ठोकून बसवतात. त्याच्या आतली माती काढत खाली जातात. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचे पाणी भरून ठेवतात. खडक लागला की त्यातही काही अंतर खोदून पाइलचा, म्हणजे जमिनीखालच्या या खांबाचा, पाय खडकात रोवतात. मग सळयांचा पिंजरा क्रेनने उतरवतात.

यानंतरची पायरी फार नाजूक. काँक्रीट वरून ओतले तर ते पाण्यातून पडताना धुऊन जाईल, खडी आणि सिमेंट वेगळे होईल. म्हणून एक लांब नळी, ट्रेमी, थेट तळापर्यंत सोडतात आणि काँक्रीट खालून वर चढवत नेतात. नळीचे टोक कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवावे लागते. काँक्रीट चढते तसे हलके बेंटोनाइट वर ढकलले जाऊन बाहेर पडते. मध्येच काम थांबले तर तो पाइल बिघडला असे समजावे लागते, म्हणून एकदा सुरुवात झाली की रात्र असो वा पाऊस, शेवटपर्यंत काम चालते.

अशा काही पाइलच्या डोक्यावर त्यांना एकत्र बांधणारी पाइल कॅप, त्यावर पिअर, म्हणजे वर दिसणारा खांब, त्यावर बेअरिंग आणि मग रस्ता पेलणारा गर्डर. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ओढ कमी असते. बार्ज कधी लावायची, गर्डर कधी उचलायचा, हे कामाचे वेळापत्रक पंचांगातल्या तिथीवर ठरते. गर्डरची उंचीही मनाला येईल तशी धरता येत नाही. खालून मच्छीमारांच्या बोटी आणि कोळसा-खनिज नेणाऱ्या बार्ज उधाणाच्या पाण्यातही जायला हव्यात.

खारे पाणी आणि सळई

ओहोटीला खाडीपुलाच्या खांबाकडे नीट पाहावे. खाली, जिथे पाणी बहुतेक वेळ असते, तिथे कालवे चिकटलेली असतात. वर, जिथे पाणी कधीच पोहोचत नाही, तिथे काँक्रीट कोरडे. मधल्या पट्ट्यात, जिथे दिवसातून दोनदा पाणी येते आणि जाते, तिथे तांबूस ओघळ दिसू लागले की समजावे, आतली सळई गंजू लागली.

कारण असे. मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपते. सतत पाण्यात असलेल्या भागाला हवा कमी मिळते, कोरड्या भागाला पाणी मिळत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मीठ, पाणी आणि हवा तिन्ही मिळतात. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, आतून काँक्रीट फोडतो आणि फुटलेल्या फटीतून आणखी मीठ आत जाते. म्हणून खाऱ्या पाण्यात सळईवर साधारण ७५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे कव्हर ठेवतात, काँक्रीट घट्ट आणि कमी छिद्रांचे वापरतात, सळईवर लेपही देतात. तरीही दर काही वर्षांनी तपासणी आणि दुरुस्ती टळत नाही. कोकणातल्या जुन्या खाडीपुलांवर अवजड वाहनांना वेळोवेळी बंदी घालावी लागते, रेवदंडा-साळाव पूलही त्याला अपवाद नाही.

दोन देशांमधला पूल वेगळा कशात

रेवदंडा आणि साळाव आज एकाच जिल्ह्यात आहेत. हीच नदी दोन देशांमध्ये असती तर? महाराष्ट्राच्या टोकाला याचे उदाहरण होते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेरेखोल नदीपाशी भारत संपून पोर्तुगीज अंमल सुरू होई. दोन्ही काठांना मराठी-कोकणी बोलणारी, एकमेकांचे सोयरे असलेली माणसे. आज आरोंदा आणि किरणपाणी यांच्यामध्ये पूल आहे आणि सावंतवाडीचा माणूस पेडण्याच्या बाजाराला सहज जातो.

जिथे सीमा अजून आहे तिथली उदाहरणे पाहावीत. त्रिपुरातले साब्रूम आणि बांगलादेशातले रामगड यांच्यामध्ये फेणी नदी वाहते. तिच्यावरच्या मैत्री सेतूची पायाभरणी जून २०१५ मध्ये ढाक्यात दोन्ही पंतप्रधानांनी केली. १.९ किलोमीटरचा हा पूल भारताने १३३ कोटी रुपये खर्चून बांधला आणि ९ मार्च २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. साब्रूमहून चितगाव बंदर केवळ ८० किलोमीटरच्या आसपास असल्याने ईशान्य भारताला समुद्राची जवळची वाट मिळणार होती. पण उद्घाटनानंतर पहिली तीन वर्षे तरी त्यावरून नियमित ये-जा सुरू झाली नाही. पूल तयार होता. पासपोर्ट तपासणी, सीमाशुल्क, मालाची तपासणी यांच्या सोयी आणि दोन्ही सरकारांची एकवाक्यता मागे राहिली.

याच्या उलट चित्र थायलंड आणि लाओस यांच्यामध्ये दिसते. मेकाँगवरचा त्यांचा पहिला मैत्री पूल ऑस्ट्रेलियाच्या मदतीने झाला आणि ८ एप्रिल १९९४ रोजी खुला झाला. लांबी ११७० मीटर. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. म्हणून लाओसच्या टोकाला दोन्ही दिशांच्या गाड्या एकमेकींची बाजू बदलतात. दोन देशांचे कायदे रस्त्यावर कसे भेटतात, हे त्या चौकात दिसते. २००९ पासून याच पुलावरून रेल्वेही जाते.

उत्तराखंडात धारचुला इथे महाकालीवर साधा झुलता पादचारी पूल आहे. भारत आणि नेपाळचे नागरिक तो व्हिसाशिवाय ओलांडतात, कारण १९५० च्या मैत्री कराराने तशी मुभा दिली आहे. फेणीवरचा मोठा पूल रिकामा राहिला आणि महाकालीवरचा अरुंद पूल माणसांनी भरलेला. फरक कराराचा आहे.

नदीवरची सीमा आखतानाही करार लागतो. नौकानयनाच्या नदीत बहुधा सर्वांत खोल प्रवाहाची रेघ सीमा मानतात. नदी हळूहळू पात्र बदलते, मग ती रेघही सरकते आणि वाद होतात. पुलाला मात्र सरकता येत नाही. म्हणून कुठल्या खांबापर्यंत कुणाची डागडुजी, अपघात झाला तर कुणाचे पोलीस, हे आधी लिहून ठेवावे लागते.

पुढचे पूल

मुख्यमंत्री असताना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी पुढे आणलेला रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. त्यात धरमतर खाडीवर रेवस-करंजा, कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव असा सुमारे ३.८ किलोमीटरचा नवा पूल, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी आणि पुढे बाणकोटवर पूल आहेत. जंजिरा संस्थानाची उत्तर आणि दक्षिण हद्द, दोन्ही या रस्त्याने ओलांडल्या जातील. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूमुळे मुंबईची वाहतूक आधीच उरणच्या दारात आली आहे.

बाणकोटच्या खाडीने एक इशाराही देऊन ठेवला आहे. तिथे सुरू झालेला पूल वर्षानुवर्षे अर्धवट राहिला आणि बागमांडला-वेश्वीची फेरीबोटच लोकांचा आधार ठरली. घोषणा झाली म्हणजे पूल झाला, असे या किनाऱ्यावर कुणी धरून चालत नाही.

पुलाची राखण

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने वाहून गेली. कोकणातल्या घराघरात ती रात्र अजून आठवते. शेजारी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. इतक्या वेगाने बांधता येत असेल, तर वेळेवर तपासता का येऊ नये?

रायगडातल्या प्रत्येक खाडीपुलाची तपासणी कधी झाली, कुठल्या खांबाला काय आढळले आणि दुरुस्ती कधी होणार, हे मराठीत लिहून दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींत लावले पाहिजे. तांबूस ओघळ सर्वांत आधी कोळ्याला आणि रोज पूल ओलांडणाऱ्या चालकाला दिसतो. त्याने सांगितलेली गोष्ट नोंदवून घेणारा अधिकारी आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत उत्तर, एवढी व्यवस्था तरी हवी. दोन देशांच्या पुलाला करार लागतो, तसा एका जिल्ह्यातल्या पुलाला हा करार हवा, लोक आणि बांधकाम खाते यांच्यामधला. हबसाणची हद्द मिटायला १९४८ साल उजाडावे लागले आणि खाडी ओलांडायला आणखी तीन-चार दशके. इतक्या उशिरा मिळालेली वाट केवळ दुर्लक्षामुळे पुन्हा बंद पडू देणे, हा मुरूड-रेवदंड्याच्या माणसांवर अन्याय ठरेल.